एक गाडी, दोन मालमत्ता: पिकअप आणि पॉप-अप कॅम्परच्या विक्रीचं एक प्रकरण

खालचं प्रकरण अशा व्यवहारांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका कुटुंबाभोवती गुंफून मांडलं आहे. माणसं नमुन्याची आहेत आणि किमती एका गाडीपुरत्या. वजनाचा हिशेब, कागदपत्रांचे नियम आणि गळतीची कारणं मात्र जशीच्या तशी उपयोगी पडतील.

वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडच्या उपनगरात एक मराठी कुटुंब राहतं. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. दारात २०१७ ची फोर्ड एफ-२५० पिकअप उभी आहे: चार दारांची क्रू कॅब, पावणेसात फुटी हौदा, फोर बाय फोर, ६.२ लिटरचं पेट्रोल व्ही-८ इंजिन, ७८ हजार मैल. हौद्यात बसवलेला २०१८ चा ‘हॉक’ जातीचा पॉप-अप कॅम्पर, कॅलिफोर्नियातल्या फोर व्हील कॅम्पर्सचा. पॉप-अप म्हणजे प्रवासात छप्पर खाली बसलेलं आणि मुक्कामाला आतून ढकलून वर केलेलं. मधली भिंत जाड कापडाची. केबिनच्या डोक्यावर आईवडिलांचा पलंग, खाली कोच, आणि कोचावर मुलासाठी नंतर करून घेतलेला लोंबता बंक. मुलगी कोचावर झोपायची. आता तिचे पाय बाहेर येतात. विकायचं कारण एवढंच.

पहिली जाहिरात ऑक्टोबरात टाकली, हीच पहिली चूक. वायव्य अमेरिकेत पाऊस सुरू झाला की कॅम्परची बाजारपेठ गोठते. मार्च ते मे हा विकणाऱ्याचा हंगाम. दुसरी चूक किमतीची. ट्रकचा अंदाज, कॅम्परची नव्यातली किंमत आणि नंतर बसवलेल्या सामानाची बिलं यांची बेरीज करून ५४,००० डॉलर मागितले. सात आठवड्यांत तीन चौकश्या आल्या. त्यातल्या दोन ‘मी परदेशात आहे, चेक पाठवतो, माझा माणूस गाडी न्यायला येईल’ छापाच्या, आणि तिसऱ्याने ३८,००० सांगितले.

बिलांची बेरीज का चालत नाही, हे सामान एकेक करून पाहिलं की कळतं. मागच्या स्प्रिंगांना आधार द्यायला बसवलेल्या एअर बॅगा ट्रकबरोबर राहतात, पण ज्याला कॅम्पर नको त्याला त्यांचं मोल शून्य. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, १६० वॉटचं सोलर पॅनल आणि डीसी-टू-डीसी चार्जर (चालत्या ट्रकच्या विजेवर कॅम्परची बॅटरी भरणारा) कॅम्परबरोबर जातात. यांना गिऱ्हाईक असतं, पण निम्म्याच भावाला. ट्रकच्या बॅटरीपासून हौद्यापर्यंत आलेली जाड तार आणि ब्रेकर ट्रकमध्येच राहतात, त्यामुळे फक्त कॅम्पर घेणाऱ्याला हे काम पुन्हा करावं लागतं. मुलाचा बंक ज्याला लहान मुलं आहेत त्याला सोन्यासारखा; निवृत्त जोडप्याला तो काढून टाकायची अडचण. थोडक्यात, सामान मालकासाठी जोडलेलं होतं आणि बाजार त्याला घेणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो.

त्याहून मोठी अडचण कर्जाची. बँक किंवा क्रेडिट युनियन, म्हणजे सभासदांची पतसंस्था, ट्रकवर कर्ज देते ते ट्रकच्या पुस्तकी किमतीवर. हौद्यात काय ठेवलंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ‘५४,००० ची एक गाडी’ म्हणून घेणारा बँकेत गेला की समोरचा अधिकारी ट्रकचा क्रमांक टाकतो, पडद्यावर ३०,००० च्या आसपास आकडा येतो आणि फाईल तिथेच थांबते. रोख चोपन्न हजार असलेला माणूस बहुधा नवीनच घेतो.

म्हणून फेब्रुवारीत नव्याने आखणी झाली. ट्रकसाठी जुन्या गाड्यांचे भाव देणाऱ्या ‘केली ब्लू बुक’मधली खासगी विक्रीची किंमत, तीही ‘उत्तम’ नव्हे तर ‘चांगली’ या रकान्यातली. कॅम्परला असं भरवशाचं पुस्तक नाही, जे. डी. पॉवर या भाव सांगणाऱ्या कंपनीचे आकडे मिळतात, पण त्यांना जोडसामान आणि पॉप-अपची टिकाऊ मागणी कळत नाही. तिथे एकच उपाय: त्याच लांबीचे, दोन-तीन वर्षं मागेपुढे असलेले कॅम्पर प्रत्यक्ष किती दिवसांत जाहिरातीवरून उतरले ते महिनाभर टिपून ठेवायचं. त्यातून आकडे ठरले. ट्रक ३०,५००, कॅम्पर १८,०००, दोन्ही एकत्र ४७,५००. एकत्र घेणाऱ्याला हजाराची सूट दिली, कारण वेगळं करायचं तर जॅकवर चढवणं, तारा सोडवणं, दोन गिऱ्हाइकं आणि दोनदा घासाघीस हे सगळं आलं. सगळं तयार मिळतंय म्हणून एकत्र किंमत उलट जास्त हवी, असं काही जण म्हणतात. मागायला हरकत नाही. मिळताना फारसं दिसत नाही.

जाहिरातीआधी कॅम्पर घराबाहेर उघडून ठेवला आणि दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली वासाची. बंद जागेत सहा वर्षं फोडणी दिलेली होती. तेलाची बारीक वाफ वर जाऊन कापडाच्या भिंतीवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते, आणि हिंग-मोहरीचा वास त्या थरात राहतो. घरच्यांच्या नाकाला तो येत नाही. दार उघडणाऱ्या परक्याला पहिल्या सेकंदात येतो. उपाय साधा पण वेळखाऊ: कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण, मऊ ब्रश, वरून खाली एकेक पट्टा, मग स्वच्छ ओल्या फडक्याने दोनदा पुसणं. ब्लीच वापरायचं नाही, शिवणीचा दोरा कमकुवत होतो. कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके होते, तिथे पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. नंतर छप्पर वर ठेवून दोन कोरडे दिवस. सिअ‍ॅटलमध्ये मार्चात सलग दोन कोरडे दिवस मिळवायला तीन आठवडे थांबावं लागलं. ओट्यावरचे हळदीचे डाग बेकिंग सोडा आणि उन्हाने फिकट झाले, पूर्ण गेले नाहीत. त्यांचा फोटो जाहिरातीत टाकला.

दुसरी गोष्ट गंभीर. छतातल्या पंख्याभोवतीच्या अस्तरावर चहाच्या कपाखाली उमटतो तसा तपकिरी अर्धवर्तुळाचा डाग होता. बोट लावलं तर कोरडा. पिनांचा ओलावामापक लावला तर पंख्याच्या पुढच्या कोपऱ्यात आकडा बाकी छतापेक्षा दुपटीहून जास्त. म्हणजे गळती चालू होती आणि उन्हाने वरचा थर तेवढा वाळला होता.

अशा पंख्याचं भोक १४ बाय १४ इंचाचं असतं. पंख्याची चौकट छताच्या पत्र्यावर ब्युटिल टेपवर, म्हणजे चिकट रबरी पट्टीवर, बसवतात, स्क्रू मारतात आणि वरून सीलंट देतात. अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा उन्हात पसरतो, थंडीत आकसतो. प्लॅस्टिकची चौकट वेगळ्या प्रमाणात. त्यात छप्पर रोज वर-खाली होतं. सीलंट आधी चार कोपऱ्यांत चिरतं, पाणी स्क्रूच्या डोक्याखाली शिरतं आणि कधी कधी शिरलं तिथून फूटभर लांब टपकतं. चिरलेल्या सीलंटवर नवा थर फासणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी ‘दुरुस्ती’, आणि जाणकार घेणारा छतावर चढून आधी तेच शोधतो. खालचा थर सुटलेला असतो. वरचा त्याच्यासकट उचकटतो.

नीट काम असं झालं. प्लॅस्टिकच्या खरवडणीने जुनं सीलंट काढलं (लोखंडी पात्याने पत्र्यावर ओरखडे पडतात), स्क्रू काढून पंखा उचलला, जुनी टेप खरवडून पत्रा अल्कोहोलने पुसला, पंख्याभोवतीचा आतला भाग उघडा ठेवून चार दिवस हीटरसमोर वाळवला. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक कुठे रुतलं नाही, म्हणजे काही कुजलेलं नव्हतं. मग इंचभर रुंदीची नवी ब्युटिल टेप, नवे स्टेनलेस स्क्रू, आणि वर स्वतः पसरणारं सीलंट, १०.३ औंसाची एक नळी. हे सीलंट आडव्या पृष्ठभागावरच चालतं. उभ्या कडेला लावलं तर ओघळतं, तिथे न ओघळणारी जात लागते. सोलरची तार जिथून आत येते ती जागाही त्याच वेळी केली. खर्च ५० डॉलरच्या आत. डाग मात्र मुद्दाम पुसला नाही. डागाचा फोटो, काम चालू असतानाचे फोटो आणि दुरुस्तीनंतर दोन आठवड्यांनी घेतलेला ओलावामापकाचा आकडा असे तिन्ही एका पाकिटात ठेवले. लपवलेला डाग सापडला की घेणाऱ्याच्या मनात सगळा कॅम्पर कुजका होतो.

हौद्यातली पकड त्यानंतर पाहिली. हॉकसारखा कॅम्पर चार टर्नबकलांनी (फिरवून ताणायच्या दुव्यांनी) हौद्याच्या तळातल्या चार आयबोल्टना, म्हणजे कडीच्या बोल्टना, बांधलेला असतो. २०१७ पासून एफ-२५० चा हौदा अ‍ॅल्युमिनिअमचा आहे. तिथे नुसता वॉशर ठेवून बोल्ट कसला तर खडबडीत रस्त्यावर पत्रा वाकतो, पुढे भोकापासून चीर जाते. या ट्रकला खालून जाड आधारपट्ट्या होत्या, पण पुढच्या डाव्या बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसत होती: पोलाद आणि अ‍ॅल्युमिनिअम ओलाव्यात एकमेकांना भिडले की होणारी झीज. बोल्ट काढून जागा घासली, मध्ये नायलॉनचा वॉशर दिला. टर्नबकल हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, एवढंच. पान्याने आवळत राहिलं तर कॅम्परचा तळच उपटतो.

गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं आयुष्य साधारण ५ ते ७ वर्षं, तारीख मागे छापलेली असते. दोन्ही बदलले. लहान मुलं झोपणार तिथे हा खर्च टाळायचा नसतो. प्रोपेनच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहिले. टाकीच्या गळपट्टीवरची तारीख पाहिली; नव्या टाकीची १२ वर्षांनी फेरतपासणी लागते, त्याआधी भरायला अडचण नाही.

आता वजन. कुटुंबासाठी कॅम्पर घेणारे इथेच सगळ्यांत जास्त फसतात, आणि विकणाऱ्याला माहीत नसेल तर तोही नकळत फसवतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पांढरं-पिवळं लेबल असतं: माणसं आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त नको. या ट्रकचा आकडा २,९५०. हिशेब असा: बसवलेल्या सामानासकट कॅम्पर १,६२०, भरलेली २० गॅलनची पाण्याची टाकी १६७ (गॅलनला ८.३४ पौंड), दोन प्रोपेन टाक्या ४५, चार माणसं आणि मुलाची बूस्टर सीट ४६०, कपडे, शिधा, शेगडी, कुकर, सायकली ३३०. बेरीज २,६२२. शिल्लक ३२८.

कागदावरचा हिशेब तपासायला भरलेली गाडी हायवेवरच्या ट्रकथांब्यावरच्या काट्यावर नेली. पंधराएक डॉलरमध्ये प्रत्येक धुऱ्याचं वजन छापून मिळतं. पुढे ४,३१०, मागे ५,३८०, एकूण ९,६९०. ट्रकची मर्यादा १०,०००. मागच्या टायरांवर प्रत्येकी ३,४१५ पौंडांची क्षमता छापलेली, म्हणजे तिथेही जागा होती. काट्याची ती पावती जाहिरातीत टाकली, आणि फोन करणाऱ्यांची जात त्या दिवसापासून बदलली. ‘लास्ट प्राइस काय?’ विचारणारे गळले. लेबलवरचा आकडा विचारणारे आले.

त्यांतला पहिला फक्त कॅम्पर घ्यायला आला होता. त्याच्याकडे अर्धा टन वर्गातली, म्हणजे एफ-२५० पेक्षा हलकी पिकअप, साडेसहा फुटी हौदा, म्हणजे लांबीने कॅम्पर चपखल. दाराचं लेबल सांगत होतं १,५४०. त्याचंही चौघांचं कुटुंब. वरची बेरीज त्याच्या ट्रकवर १,०८२ पौंडांनी जास्त होत होती. ‘एअर बॅगा बसवतो,’ म्हणाला. एअर बॅगा मागची बाजू उचलून धरतात. ब्रेक, धुरा आणि टायर यांची क्षमता त्यांनी वाढत नाही. १८,००० रोख द्यायला तयार असलेल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं. सांगितलं. तो परत आला नाही.

एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमधल्याच याकिमाकडचं एक कुटुंब आलं, मुलं ५ आणि ३ वर्षांची. त्यांना दोन्ही एकत्र हवं होतं. त्यांनी ट्रक एका मेकॅनिककडे तपासून घेतला. पुढे सलग धुरा असलेल्या जड पिकअपमध्ये ट्रॅक बारचा, म्हणजे धुरा जागेवर धरणाऱ्या दांड्याचा, बुश सैल झाला की खड्ड्यानंतर स्टीअरिंग थडथडायला लागतं. इथे बुश झिजायला लागला होता. टायरांवरचा शिक्का होता २३१८, म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी बरी, पण वय सहा वर्षांचं होत आलेलं. या दोन्हींचे मिळून १,३०० डॉलर कमी झाले. ठरलं ४६,२००: ट्रकचे २९,७००, कॅम्परचे १६,५००.

आणि मग कागद मागितले.

ट्रकचं टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, स्वच्छ होतं. कॅम्परचं नव्हतंच. काही राज्यांत हौद्यातला कॅम्पर म्हणजे नुसता माल, त्याला नोंदणी लागत नाही. वॉशिंग्टनमध्ये त्याला स्वतंत्र टायटल आणि नोंदणी लागते. वर्षाचं शुल्क किरकोळ असतं, पण लागतं. कुटुंबाने तो दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून घेतला होता, ‘याला काही लागत नाही’ ऐकलं होतं, आणि सहा वर्षं ते खरं मानलं. आता घेणाऱ्याच्या नावावर करायचं तर आधी यांच्या नावावर असायला हवं.

कागद हरवले असते तर प्रकरण ‘मालकी संशयास्पद’ या मार्गाने गेलं असतं: टायटलशिवाय तीन वर्षांची नोंदणी, किंवा हमीपत्रावरचं टायटल. असा कॅम्पर फार थोडे लोक घेतात. सुदैवाने मुलांच्या आईने सगळी बिलं एका जुन्या मिठाईच्या डब्यात ठेवली होती. त्यात विक्रेत्याचं बिल होतं, भरलेल्या विक्रीकराचा आकडा होता, आणि घडी घातलेला उत्पादकाचा मूळ दाखला, ज्याला तिकडे एमएसओ म्हणतात. दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराची वजावट वॉशिंग्टनच्या करातून मिळते, म्हणून ते बिल दाखल्याइतकंच मोलाचं ठरलं. भरायची राहिली ती फरकाची रक्कम आणि शुल्क. कॅम्परच्या पट्टीवरचा क्रमांक आणि दाखल्यावरचा क्रमांक अक्षर-अक्षर जुळवून मगच अर्ज दिला. टायटल यायला काही आठवडे लागले. तेवढा काळ सौदा धरून ठेवायला ५०० डॉलर बयाणा घेतला आणि लिहून दिलं: ठरलेल्या तारखेपर्यंत टायटल आलं नाही तर पूर्ण परत.

पैशाचा व्यवहार घेणाऱ्याच्या क्रेडिट युनियनच्या शाखेत झाला. कॅशिअर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढून दिलेला चेक, खोटा असू शकतो, आणि खात्यात ‘जमा’ दिसल्यावरही काही दिवसांनी परत फिरतो. तो आपल्या डोळ्यांदेखत शाखेतून निघाला तरच निर्धास्त. ट्रकचा चेक कर्जाचा, कॅम्परचा बचत खात्यातला. दोन विक्रीपत्रं, दोन टायटल, दोन किमती. ट्रकच्या टायटलवर मैलांचा आकडा भरून दोघांनी सह्या केल्या. २०११ आणि त्यानंतरच्या गाड्यांना हा जाहीरनामा २० वर्षांपर्यंत सुटत नाही. कॅम्परची किंमत कागदावर कमी दाखवा, कर वाचेल, असं घेणाऱ्याने हळूच सुचवून पाहिलं. ते टाळलं. फार कमी आकडा दिसला तर परवाना कार्यालय बाजारभावाने कर लावतं, आणि खोट्या आकड्याखाली सही आपली असते.

सुपूर्दगीला दोन तास दिले. छप्पर घेणाऱ्यांनी स्वतः दोनदा वर-खाली केलं. खाली घेताना छतातलं झाकण उघडं हवं, नाहीतर आतली हवा कापडाला बाहेर ढकलते आणि ते कडेत चिमटतं. नव्या मालकाकडून पहिल्या महिन्यात फाटतं ते इथेच. कॅम्पर उतरवायचा असेल तर आधी विजेची तार काढायची, मग जॅक. उलट क्रमात केलं की प्लग मुळासकट उपटतो. जॅकवर उचललेल्या कॅम्परमध्ये मुलांना चढू द्यायचं नाही. लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नाही. मोसमाच्या सुरुवातीला २० गॅलनच्या टाकीत पाव कपाहून थोडं जास्त, म्हणजे कपाचा तिसरा हिस्सा, बिनवासाचं ब्लीच पाण्यात मिसळून काही तास ठेवायचं आणि दोनदा धुवायचं. पहिल्या ५० मैलांनंतर चारही टर्नबकल तपासायचे.

गाडी वळणाआड गेल्यावर त्याच संध्याकाळी राज्याच्या संकेतस्थळावर विक्रीची नोंद केली, ट्रकची वेगळी, कॅम्परची वेगळी. कायद्याने कामाचे ५ दिवस मिळतात. टायटल आपल्या नावावर करायला घेणाऱ्याला १५ दिवस असतात, आणि सोळाव्या दिवसापासूनचा दंड त्याला. पण ही नोंद नसेल तर मधल्या काळातली टोलची बिलं आणि बेवारस गाडी उचलून नेल्याचा खर्च जुन्या मालकाच्या दारात येतो. टोलचा ‘गुड टू गो’ पास काचेवरून आधीच खरवडला होता. विमा दुसऱ्या दिवशी बंद केला, नोंदीची पोच हातात आल्यावर.

तीन दिवसांनी याकिमाहून फोन आला. मागचा उजवा टर्नबकल पाऊण फेरा सैल निघाला होता, आणि बंकची जाळी कुठे अडकवायची ते धाकट्याच्या आईला सापडत नव्हतं. जाळीच्या चार कड्या गादीखाली पिशवीत होत्या.